पुलाखालची भिंत

किल्लीवालीला ओढ्यावर जायचं म्हटलं की दुकानाला कुलूप लावावं लागे, आणि कुलपांच्या दुकानाला लागलेलं कुलूप बघून गिऱ्हाइकांना हसू येई. "काय काकू, तुमचीच किल्ली हरवली की काय?" असं कोणीतरी हमखास विचारी. तीही हमखास म्हणे, "हो ना, नवऱ्याबरोबर गेली." नवरा होता तोवर हा विनोद होता, कारण नवरा खरंच किल्ली खिशात टाकून तिच्याआधी ओढ्यावर पोचलेला असे. तो वारल्यावरही तिनं तेच उत्तर चालू ठेवलं आणि गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. हसावं की नाही ते त्यांना कळेना.

दुकान म्हणजे दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची एक अरुंद खोली. पुढे लाकडी फळी, फळीवर किल्ल्या कापायचं यंत्र, मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि या सगळ्यावर पितळेची बारीक पूड. ती पूड तिच्या केसांत होती, नखांत होती, चहाच्या कपाच्या कानात जाऊन बसलेली होती. ती किल्ल्या कापायची, नवरा कुलपं उघडायचा. दार ओढलं गेल्यामुळे बाहेर अडकलेली माणसं रडकुंडीला येऊन त्याला बोलवायला येत, आणि हा जेवणावरून उठून, हातात तार घेऊन धावत सुटे. बंद दार त्याला बघवतच नसे. अशा माणसाची गाठ कशाशी पडावी, तर पुलाखालच्या भिंतीशी!

शेवटच्या बसथांब्यावर उतरून गोदामांच्या मागची वाट धरली की आधी पाण्याचा आवाज येई आणि मग ओढा दिसे. टेकड्यांतून खळाळत यायचा, पुलाखालून जायचा आणि खाली मोठ्या बागेतल्या तळ्याला मिळायचा. शहरातल्या निम्म्या लोकांना तो ठाऊकच नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते त्याला नाला म्हणत. नाला म्हटलं की किल्लीवाल्याचं डोकं फिरे. "अहो, नाल्यात खंड्या राहतो का? चला, दाखवतो," म्हणून तो गिऱ्हाइकाचं कोपरच धरी. आणि खरंच दाखवी. पुलावर जरा उभं राहिलं की खंड्या पाण्यावरून सुर्रकन जायचा, नुसती एक निळी रेघ. दगडांवर खेकडे ऊन खात बसायचे, चतुर घिरट्या घालायचे, एखादी पाणकोंबडी पिल्लांना मागे घेऊन गवतात शिरायची. सुट्टीच्या दिवशी नवराबायको डबा घेऊन वरच्या डोहावर जात आणि पाय पाण्यात सोडून बसत. ठिपक्या येऊन पायांना तोंड लावत. तिला गुदगुल्या होत, ती किंचाळे, आणि तो म्हणे, "सरकार, हळू. त्यांचं घर आहे ते, आपण घुसलोय."

ठिपकी म्हणजे बोटभर मासा. अंग रुपेरी, शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका. नराच्या परांना तांबूस कड असते, मादीला नसते. पुस्तकात तिचं काही भारदस्त नाव होतं, पण ते यांच्या तोंडी कधी बसलं नाही. ठिपक्यांची अंडी वरच्या डोहातल्या बारीक खड्यांत, पिल्लं वाढता वाढता प्रवाहाबरोबर खाली वाहून यायची, आणि मोठी झाली, पाणी चढलं, की पुन्हा वर जायला निघायची. असा त्यांचा रिवाज होता. आणि मधे ती भिंत. कोणे एके काळी पाण्याचा मोठा नळ झाकायला म्हणून पुलाखाली बांधलेली, कमरेइतकी उंच. पाणी तिच्यावरून खाली पडे, आणि खाली जमलेल्या ठिपक्या उडी मारत, सिमेंटवर आपटत, खाली पडत आणि पुन्हा उडी मारत. नाकं फुटेस्तोवर मारत.

पहिल्यांदा हे त्यानं पाहिलं तेव्हा डोक्यावरची टोपी काढली आणि त्या टोपीनंच मासे उचलून भिंतीवरून पलीकडे टाकले. सर्दी होऊन आठवडाभर पडून होता. पुढच्या खेपेला जाळी आणली, बादली आणली आणि बायकोला आणली. मग दर वर्षी, पाणी चढलं की, दोघांचं ठरलेलं. तो खाली गुडघाभर पाण्यात, जाळी घेऊन. ती वर काठावर, बादली घेऊन.

"देऊ का?" तो खालून ओरडे.

"द्या!" ती वरून ओरडे.

पुलावरून जाणारे थांबून बघत. कोणी हसे, कोणी फोटो काढी. त्याला फिकीर नव्हती. त्याचा एकच नेम होता: वर पाठवायचं ते जोडीनं. बादलीत मादी एकटीच आली तर तो तिला थांबवून ठेवी, बादलीवर ओलं फडकं टाकी, नर जाळीत येईपर्यंत सोडू देत नसे. "एकटीला नाही पाठवायचं हं," तो म्हणे. "एवढी मरमर करून वर जायचं, आणि वर कोणी नाही. काय करेल ती?" आणि नर सापडला की बादली हातात देताना म्हणे, "हं, सरकार, नवरा-नवरी निघाले. रडू नका." ती रडत नसे, हसत असे. तशी ती हसायलाच वर उभी राहायची म्हणा ना.

आता पाहुण्यांचं सांगायला हवं. खालच्या तळ्यात दुसरेही मासे होते. पिवळेधमक, अंगावर काळे पट्टे, काचेच्या पेटीत पाळायचे. लोक घर बदलतात, पोरांचा उत्साह संपतो, पेटी धुवायचा कंटाळा येतो. मग मासे मारायला जीव होत नाही म्हणून नेऊन तळ्यात ओततात, आणि केवढं पुण्य केलं अशा चेहऱ्यानं घरी येतात. ते मासे तिथे चांगलेच माजले होते. स्वतःच्या पिल्लांना डोळ्यांत तेल घालून जपत, आणि दुसऱ्याची अंडी, पिल्लं, जे तोंडात मावेल ते गिळत. किल्लीवाल्यानं त्यांना नाव ठेवलं होतं, पाहुणे. "बोलावलं नाही तरी आले, आणि जायचं नाव नाही. तुझा मामा आठवतो ना?" ती जाळीची काठी त्याच्या पाठीत घाली. पाणी चढलं की पाहुणेही भिंतीपर्यंत यायचे. जाळीत ठिपक्यांबरोबर तेही यायचे, आणि त्याचा अंगठा बोलता बोलता त्यांना उडवून मागे खाली टाकायचा. याबद्दल दोघं कधी काही बोलले नाहीत. धान्य निवडणाऱ्या बाईला विचारा, काय केलंस? ती म्हणेल, धान्य निवडलं. खडे फेकले असं सांगणार नाही.

भिंत फोडा म्हणून त्यानं पाणीखात्याच्या पायऱ्या झिजवल्या. एका साहेबानं त्याला चहा पाजला, दुसऱ्यानं हसून घालवला, तिसऱ्यानं भीकच घातली नाही. तो घरी येई, यंत्रावर हात ठेवून बसे आणि म्हणे, "सगळ्या गावाची कुलपं उघडली मी. हे एक राहिलं बघ." शेवटच्या थंडीत छातीत कफ भरला आणि त्याला इस्पितळात ठेवलं. तिथेही तिचा हात हातात घेऊन त्यानं तेच सांगितलं, फक्त आवाज राहिला नव्हता. "हे एक राहिलं." मग तोही राहिला नाही.

त्यानंतर पाणी चढलं तेव्हा तिनं लेकीला बरोबर घेतलं. लेक एका छापखान्यात कामाला होती, शाईचे हात घेऊन रजा काढून आली. तिला बादली देऊन वर उभं केलं आणि किल्लीवाली नवऱ्याचे बूट चढवून खाली उतरली. बूट मोठे होते, बोटांत कापड कोंबलं. "देऊ का?" म्हणताना तिचा आवाज फाटला. वरून लेक "दे, आई!" म्हणाली आणि दोघी मायलेकी तिथेच, पाणी अंगावर घेत, हमसाहमशी रडल्या. पण मासे थांबले नव्हते. मग तिनं डोळे पुसले, जाळी घातली. ठिपक्या वर गेल्या, जोडीजोडीनं. आणि पाहुणे तिच्या अंगठ्यानं मागे टाकले, तिला न विचारता.

घरी येताना बसमध्ये तिनं ठरवलं, आता भिंत फोडायचीच. नवऱ्याचं राहिलेलं एवढं तरी पुरं करायचं.

ती हात धुऊन मागे लागली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तिनं गळ घातली. शेजारचा न्हावी, समोरची औषधांची दुकानदारीण, ज्यांची ज्यांची दारं नवऱ्यानं उघडली होती ते सगळे तिच्याबरोबर पाणीखात्यात जाऊन बसू लागले. नशीब असं की तिथे आता नवी इंजिनिअरबाई आली होती. लेकीच्याच वयाची, कमी बोलणारी, ऐकून घेणारी. ती स्वतः बूट घालून ओढ्यावर आली. नळ आता वापरात नाही, भिंत काढून दगडांचा उतार करता येईल, मासे आपापले चढतील, असं म्हणाली. किल्लीवालीला वाटलं, हिची दृष्ट काढावी.

निघताना इंजिनिअरबाई थांबली. खालच्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं, "काकू, वरच्या अंगाला काही अडचण नाही ना? म्हणजे, खालचं जे जे आहे ते सगळंच वर गेलं तर चालेल ना?"

किल्लीवालीच्या डोळ्यांना धार लागली होती. तिच्यापुढे नवरा उभा होता, टोपी हातात धरून, सर्दीनं लाल झालेलं नाक. "सगळंच जाऊ दे, मॅडम," ती म्हणाली. "इतकी वर्षं अडकून पडलंय. जाऊ दे सगळं."

भिंत फुटली त्या दिवशी न्हाव्यानंसुद्धा दुकान बंद ठेवलं. दगडांचा सुरेख उतार झाला. आणि पाणी चढलं तेव्हा ठिपक्या आल्या, जरा घुटमळल्या, आणि सळसळत वर निघून गेल्या. उडी नाही, आपटणं नाही, नाकं फुटणं नाही. किल्लीवाली पुलावर उभी होती. हातात सवयीनं आणलेली रिकामी बादली. "द्या!" ती मोठ्यानं म्हणाली. "अहो, द्या! सगळ्या द्या!" ऊर भरून आला होता तिचा. इतक्या वर्षांत ती एवढी सुखी नव्हती, आणि त्या सुखातला एक कण खोटा नव्हता. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

त्यानंतर तिचं ओढ्यावर जाणं कमी झालं. बादली धरायचं काम उरलं नव्हतं, गुडघे कुरकुरत होते, दुकानातलं काम एकटीला उलगत नव्हतं. लेक विचारायची, "जायचं का गं?" आणि ती म्हणायची, "जातील त्या. आता त्यांना माझी गरज नाही." हे म्हणताना तिला जरा अभिमानही वाटे. ऋतू बदलले, पाणी चढलं, उतरलं. असं दोनदा झालं.

मग एका सुट्टीच्या सकाळी लेकीनं ओढूनच नेलं. हवा छान होती. दोघी पुलावर न थांबता तडक वरच्या डोहावर गेल्या. किल्लीवालीनं बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि गुदगुल्यांची वाट बघत बसली. गुदगुल्या झाल्या नाहीत. "दूर गेल्या असतील," ती म्हणाली. लेक डब्यातला घास मोडून पाण्यात टाकत होती, तो तसाच तरंगत गेला.

समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या येऊन बसला. चोचीत मासा होता. खंड्या मासा फांदीवर आपटतो आणि मग गिळतो, हे तिनं हजारदा बघितलेलं. पण आज तो आपटतच राहिला. मासा उंच, पसरट, त्याच्या गळ्याखाली जाईना. त्यानं तो फिरवला, पुन्हा आपटला, आणि शेवटी चोच झटकून टाकून दिला. मासा तिच्या पायाजवळच्या खडकावर येऊन पडला. पिवळाधमक. अंगावर काळे पट्टे.

ती तशीच अनवाणी पाण्यात उतरली, वाकली, डोहाच्या तळाशी बघू लागली. बारीक खड्यांत, जिथे ठिपक्यांची अंडी असायची, तिथे गोल गोल खळगे केलेले होते आणि प्रत्येक खळग्यावर एकेक पाहुणा, फणा काढावा तसे पर फुलवून, राखण करत उभा. तिनं पाय पुढे टाकला तर एक जण तिच्या घोट्यालाच धडकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती वाकून फिरली. एक ठिपका दिसला नाही.

"काय झालं गं? आई, बाहेर ये, पडशील," लेक ओरडत होती.

"मी आणले," किल्लीवाली म्हणाली. "मी आणले गं यांना. मी दार उघडून दिलं."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं, कारण घरी बसवेना. नवीन घर घेतलेलं एक जोडपं आलं. बायको म्हणत होती, "कशाला आणखी एक कुलूप? उगाच कोंडल्यासारखं वाटतं." आणि किल्लीवालीच्या तोंडून, आयुष्यभर म्हटलेलं, सवयीनं निघालं, "अगं बाई, कुलूप आतल्याला कोंडायला नसतं, बाहेरच्याला..." पुढे तिला बोलवेना. जोडपं एकमेकांकडे बघू लागलं. तिनं हातातलं कुलूप फळीवर ठेवलं, "नंतर या," म्हणाली आणि दार ओढून घेऊन आतल्या अंधारात, पितळेच्या पुडीत, कपाळ बडवून घेतलं. साऱ्या गावाला कुलपं विकणारी बाई! हिला एक कुलूप ओळखता आलं नाही.

संध्याकाळी लेक समजूत घालायला बसली. "तुला काय माहीत होतं, आई? तुला का कळणार होतं?"

"माहीत होतं गं," ती म्हणाली. आपला उजवा अंगठा तिनं लेकीपुढे धरला. "ह्याला माहीत होतं. तुझ्या बाबांच्या ह्याला माहीत होतं. दर वर्षी आम्ही दोघं त्या भिंतीपाशी उभं राहून निवडत होतो, आणि मला वाटत होतं आम्ही नुसते उचलतोय. त्या पोरीनं मला तोंडावर विचारलं, सगळं वर गेलं तर चालेल का? मी काय म्हटलं? जाऊ दे सगळं! अगं, तुझ्या बाबांसाठी केलं मी. आणि ठिपक्यांचंच घर बुडवलं."

लेकीनं आईचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली.

इंजिनिअरबाईकडे जाताना किल्लीवालीनं कोणाला बरोबर घेतलं नाही. वशिला नको होता, माफी हवी होती. टेबलापुढे उभी राहून ती म्हणाली, "भिंत परत घाला, मॅडम. तुम्ही विचारलं होतं. चूक माझी आहे."

इंजिनिअरबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "विचारलं होतं खरं," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही रडत होतात, काकू. मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. ते माझं काम होतं." दोघींना एकमेकींची कीव येत होती आणि कोणालाच त्याचा उपयोग नव्हता.

भिंत पुन्हा उभी राहिली, आधीइतकीच, कमरेएवढी. ती बांधताना बघायला कोणी दुकान बंद ठेवलं नाही. काही लोक हसलेही. आधी फोडा म्हणून बोंब, आता बांधा म्हणून. किल्लीवालीनं ते मुकाट ऐकलं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ती, लेक आणि इंजिनिअरबाई, तिघी जाळी घेऊन वरच्या डोहात उतरल्या. न्हावीही येऊन टोपल्या उचलू लागला. पाहुणे काढले, पुन्हा काढले, दगडांच्या फटींतून काढले. किल्लीवालीला ते काम नकोसं होई. त्यांचा तरी काय दोष? कोणीतरी आणून ओतलं, कोणीतरी दार उघडलं, आणि ते आपली पिल्लं जपत बसले. पण ती मागे हटली नाही. उन्हाळा सरता सरता डोह मोकळा झाला. पाणी स्वच्छ, तळाचे खडे दिसत होते, आणि त्यात कोणीच नव्हतं.

आता सगळी आशा खाली होती. तळ्याकडे वाहून गेलेल्यांपैकी एखाददुसरी ठिपकी पाहुण्यांच्या तावडीतून वाचली असेल, मोठी झाली असेल, पाणी चढल्यावर येईल. आल्या तर वर पाठवता येतील, जोडीनं. एवढ्यावर तिचा जीव टांगलेला होता.

टेकड्यांवर पाऊस झाला, ओढा गढूळ होऊन फुगला आणि मग निवळला. भल्या सकाळी दोघी पुलाखाली गेल्या. किल्लीवाली नवऱ्याचे बूट घालून खाली, लेक बादली घेऊन वर. पाणी भिंतीवरून कोसळत होतं, पूर्वीसारखंच. तिनं जाळी घातली. पाहुणे. पुन्हा घातली. पाहुणे. ते तिनं काठावरच्या टोपलीत टाकले. असं दुपार होईपर्यंत चाललं. वरून लेक दर थोड्या वेळानं विचारी, "आई, आली का?" आणि ती नुसती मान हलवी.

ऊन कलल्यावर जाळीत काहीतरी रुपेरी वळवळलं.

जाळी छातीशी धरून तिनं बघितलं. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. पोट अंड्यांनी टच्च फुगलेलं. एका बाजूचा पर कोणीतरी कुरतडलेला. परांना तांबूस कड नव्हती.

"देऊ का?" तिनं विचारलं. ओरडायला गेली, पण आवाज निघाला नाही. लेकीनं ओठांवरूनच ओळखलं आणि बादली खाली सोडली.

"थांब, सोडू नकोस," किल्लीवाली म्हणाली. "मादी आहे. नर येऊ दे."

लेकीनं बादलीवर ओलं फडकं टाकलं. किल्लीवाली पुन्हा खाली वाकली. आता ती घाई करत होती, जाळी नीट न बघताच उपसत होती. पाहुणा. पाहुणा. शेवाळ. रिकामी. पाण्यातल्या पायांना मुंग्या आल्या, कंबर धरली. पुलावरून माणसं कामावरून घरी जाऊ लागली. कोणी थांबलं नाही.

"आई," लेकीनं हाक मारली. "ती तोंड वर काढायला लागली गं."

"पाणी बदल."

"दोनदा बदललं. नाही टिकणार ती."

किल्लीवालीनं जाळी दगडाला टेकवून ठेवली आणि काठाच्या मुळ्या धरत धरत वर आली. फडकं बाजूला केलं. ठिपकी पाण्याच्या वरच्या थराशी कललेली, तोंड उघडझाप करत होती. तिनं भिंतीवरून वरच्या पाण्यात बघितलं, जिथवर नजर पोचते तिथवर. मग लेकीला म्हणाली, "तुझे डोळे चांगले आहेत. बघ, वर कोणी आहे का."

लेक गुडघ्यांवर बसली, हाताचा आडोसा करून बघत राहिली. "नाही दिसत कोणी."

"नीट बघ."

"बघितलं, आई. कोणी नाही."

किल्लीवालीनं बादली घेतली. लेकीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "एकटीला? बाबा म्हणायचे..."

"मला माहीत आहे बाबा काय म्हणायचे," ती म्हणाली. "खाली ठेवली तर हिला जगू देणार नाहीत. चल, सोड हात."

तिनं बादली पाण्यात टेकवली आणि हळूहळू कलती केली. ठिपकी लगेच बाहेर गेली नाही. बादलीच्या कडेशी, निम्मी आत, निम्मी बाहेर, थांबून राहिली. किल्लीवालीनं घाई केली नाही. बादली धरून तीही तशीच बसून राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते तिनं पुसलं नाही.

"जा गं बाई," ती म्हणाली. "मी बघते कोणी येतंय का."

ठिपकीनं शेपटी हलवली आणि ती वरच्या मोकळ्या पाण्यात निघून गेली. लेक काही बोलणार होती, पण आई केव्हाच काठ उतरून खाली गेली होती. उजेड होता तोवर तिनं जाळी पाण्यात धरली आणि भिंतीकडे तोंड करून नराची वाट बघत उभी राहिली.